परातीतले दोन वीर

मी भित्री आहे. लपवण्यात काय अर्थ आहे? लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जरा थांबली तरी मला घाम फुटतो. शाळेतून फोन आला की आधी पोटात गोळा येतो, मग तोंडातून हॅलो निघतं. पण त्या रविवारची भीती असली-तसली नव्हती. ती अकरा वर्षं आमच्याच देवघरात बसून होती, आणि त्या दिवशी एका फार्म रिसॉर्टवर, पितळेच्या परातीत, पन्नास माणसांच्या देखत ती उघडी पडायची वेळ आली होती.

तसं मी सांगतेय ते माझ्याबद्दल नाही, आत्यांबद्दल. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वेणूबाई. आमच्या साताऱ्याकडच्या लोकांत सासूला आत्या म्हणतात. कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीत मात्र सगळे त्यांना 'मिरचीवाल्या आजी' म्हणतात, कारण घाऊक मार्केट मुंबईतून तुर्भ्याला आल्यापासून पुढची तीस वर्षं आत्यांनी मसाल्याच्या गोदामात बसून मिरच्यांचे देठ खुडले. मामंजी, म्हणजे हौसेराव, माथाडी कामगार. ते पाठीवर पोती वाहायचे आणि ह्या खाली पोत्यावर बसून देठ खुडायच्या. एकदा म्हणे गोदामात साप निघाला. सगळ्या बाया किंचाळत रस्त्यावर गेल्या. आत्यांनी त्याच्यावर पाटी पालथी घातली, पाटीवर बसल्या आणि देठ खुडत राहिल्या. "सुट्टी झाली की बगू म्हनलं त्येच्याकडं, तवर खाडा कोन करतंय?" अशी ही बाई. आणि तिच्या घरात मी सून म्हणून गेले, झुरळ दिसलं तर पलंगावर चढणारी.

आत्या एकाच गोष्टीला हळव्या होत्या, रणजीतला. रणजीत त्यांचा थोरला, माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय. लग्नाआधीच पोरगा गेला की आमच्यात त्याचा 'वीर' करतात, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर घोड्यावर बसलेला एकटा स्वार ठोकून घ्यायचा आणि देवघरात इतर देवांच्या टाकांशेजारी बसवायचा. खंडोबाही घोड्यावरच असतो, पण त्याच्या मागं म्हाळसा असते. वीर एकटा असतो. रणजीत तान्हा असताना आजोळाहून त्याला चांदीचे वाळे आले होते. आत्यांनी ते वाळे आटवून त्याचा वीर केला. आणि रोज सकाळी देवांना आंघोळ घालताना त्या बाकीच्या देवांना मुकाट्यानं न्हाऊ घालायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. "ऊठ रं रणज्या, आंघूळ कर." नवीन लग्न झालं तेव्हा ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. मग ते ऐकल्याशिवाय माझा चहा उकळेना.

आता माझं पाप सांगते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्नती माझ्या पोटात होती. आत्या पंधरा दिवस गावी गेल्या होत्या आणि देवपूजा माझ्याकडं होती. एका सकाळी मला मळमळत होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी देवांवरची कालची फुलं गोळा केली, पिशवीत भरली आणि तलावाच्या कडेला पालिकेनं ठेवलेल्या निर्माल्य कलशात टाकून आले. संध्याकाळी दिवा लावायला बसले तर देवघरात चारच टाक. पाचवा नाही. वीर नाही.

मी चप्पल न घालता धावले. कलश रिकामा होता. गाडी दुपारीच येऊन गेली होती. मी तलावाच्या पायरीवर बसले आणि मला रडूसुद्धा येईना, इतकी मी भेदरले होते. त्या बाईनं पोराचे वाळे आटवून केलेला देव मी कचऱ्यात टाकला. ही गोष्ट कुठल्या तोंडानं सांगायची?

नाही सांगितली. मोबाईलमध्ये नवरात्रातला देवघराचा फोटो होता. माझ्या पायात वडिलांनी लग्नात घातलेले पैंजण होते, घुंगरांचे, चांगले जाड. ते काढले आणि सोनाराला म्हटलं, हा फोटो बघा आणि ह्या चांदीचा अस्साच घोडेस्वार करून द्या. त्यानं दोन दिवसांत दिला. मी तो चिंचेत बुडवला, राखेनं घासला, तव्याच्या काजळीत लोळवला, पण त्याचा नवेपणा काही जाईना. घोड्याचे कान टोकदार, स्वाराचं नाक धारदार. आधीच्याचं नाक आत्यांच्या अंगठ्यानं पार पुसून गेलं होतं.

आत्या गावाहून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताम्हन पुढं ओढलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, हातात लाटणं घट्ट धरून. त्यांनी खंडोबा धुतला. भवानी धुतली. वीर हातात घेतला, पाणी घातलं, पुसला, जागेवर ठेवला. बस्स. त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, सुटले. प्रवासानं दमल्या असतील म्हणून बोलल्या नसतील. त्यानंतरही त्या बोलल्या नाहीत, पण माणसाचं वय होतं, सवयी सुटतात, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो.

पण भीती गेली नाही, उलट दर वर्षी वाढली. कारण नवा टाक घडवला की तो आधी कुलदैवताकडं न्यायचा असतो. देवाच्या पायाला लावायचा, भेटवायचा, तेव्हा कुठं तो देव होतो. मी तर सोनाराच्या पुडीतून काढून थेट पाटावर बसवला होता. आणि दर पौषात आत्या म्हणायच्या, "पालीला जाऊ. द्येव भेटवून आनू." आमचा खंडोबा पालीचा, कराडजवळचा. तिथला गुरव आमच्या घरातला प्रत्येक टाक ओळखतो, रणजीतचा त्यानंच हातात घेऊन पायाला लावला होता. मी एका वर्षी उन्नतीचा ताप काढला, एका वर्षी तिची परीक्षा, एका वर्षी रस्त्याचं काम चालू आहे म्हणाले. मामंजी गेले त्या वर्षी प्रश्नच आला नाही. मग आत्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. देवा शप्पथ सांगते, डॉक्टर ते म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. इतकी मी वाईट.

ह्या वर्षी कृष्णात, माझा नवरा, घरी येऊन म्हणाला, "आमच्या माथाडी टोळीची पिकनिक आहे. फॅमिलीसकट. नावड्याच्या पुढं एक फार्म आहे, स्विमिंग पूल आहे, हुरडा आहे आणि आई, तुझ्यासाठी सात कुलदैवतांची मंदिरंपण आहेत!"

"खंडोबा हाय का?" आत्यांनी विचारलं.

"आहे की. पालीचाच. तिथनं दगड आणून बसवलाय म्हणे."

आत्या उठून देवघरात गेल्या. मी, रिसॉर्टला कोण घाबरतंय म्हणून, खुशाल उन्नतीचा स्विमिंग कॉस्च्यूम भरला.

बस कळंबोलीच्या पुढं गेली तेव्हा माझं लक्ष आत्यांच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्याकडं गेलं. मला वाटलं, धपाटे असतील.

"काय आहे आत्या डब्यात?"

"द्येव," आत्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पुढं केमिकल कंपन्यांचा वास आला, मुलांनी नाक दाबून आरडाओरडा केला, नावडं मागं पडलं, डोंगर जवळ आला, मला काही समजलं नाही. मला एकच दिसत होतं, त्या डब्याचं झाकण.

रिसॉर्ट म्हणजे काय सांगू! गेटवर रिसॉर्टचा मालक दिपेश उभा, गावचाच माणूस, गळ्यात जाड चेन. "या या, नाष्टा तयार हाय. पयले दर्शन करताव का पयले पोवताव?" एका बाजूला पूल आणि रेन डान्स, दुसऱ्या बाजूला टेकाडावर ओळीनं सात मंदिरं, मध्ये बैलगाडी. ओल्या चड्ड्यांतली माणसं कपाळाला भंडारा लावून वडापाव खात होती. क्लोरीनचा आणि धुपाचा एकच वास. मी एरवी हसून हसून मेले असते. पण ह्या चार-पाच वर्षांत लोक इथं खरंच नवस बोलायला लागलेत. झाडाला बांधलेल्या नारळांना जागा उरली नव्हती. आणि खंडोबाच्या दारात फ्लेक्स होता: 'टाक भेट. सामुदायिक अभिषेक सकाळी ११ वाजता.'

कृष्णात उन्नतीला घेऊन पुलावर गेला होता. मी म्हटलं, "आत्या, ऊन आहे, तुमचा पाय दुखेल, आधी सरबत घ्या."

"तू घे सरबत. मी चालले," आत्या म्हणाल्या आणि काठी टेकत टेकाड चढायला लागल्या. मी मागं. काय करणार?

पुजारी जोतीराम नावाचा होता, कराडकडचाच गुरव. सात-आठ घरची माणसं टाक घेऊन बसलेली. त्यानं सगळ्यांचे टाक एकाच मोठ्या परातीत ओळीनं मांडायला घेतले.

"येकात नगं," आत्या म्हणाल्या. "आमचं येगळ्या ताटात घे."

"मावशी, बाराला पुढची बॅच आहे. ओळीनं ठेवतोय ना मी. कुठं जातायत देव?"

झालं. दूध पडलं, पाणी पडलं, मुठीनं भंडारा पडला. सगळे देव पिवळ्या चिखलात बुडाले. मग दोघांनी परात उचलली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर एकाचा पाय ओल्या फरशीवरून सटकला. परात कलली. सगळे टाक खळकन् एका कडेला जाऊन साठले. कुणाची ओळ आणि कुणाचं काय!

सगळे एकदम सुरू झाले. बायका परातीत हात घालायला लागल्या. जोतीराम "हळू, हळू" म्हणत होता पण त्याचाच चेहरा उतरला होता. तरी देवांची ओळख बायकांना असते. हिची भवानी कडेला चिरलेली, तिच्या जोतिबाला भोक. आमच्या खंडोबाच्या घोड्याचा पाय मोडलेला, तो मिळाला. आमचे चारही मिळाले. एकेक घर आपापले देव पुसून घेऊन गेलं. शेवटी परातीत दोन टाक उरले. दोन्ही घोड्यावरचे स्वार. दोन्ही एकटे.

आणि माणसं उरली दोन घरची. आम्ही, आणि कामोठ्याहून आलेल्या बायजाबाई, मूळच्या सांगलीकडच्या. त्यांच्या घरातही एक वीर होता, नवऱ्याचा चुलत आजा, तीन पिढ्यांमागचा. त्यांचा मुलगा उदयसिंह पुलातून तसाच टॉवेल गुंडाळून आला होता. गडबड ऐकून कृष्णातही धावत आला, त्याच्या मागं त्याची टोळी आणि त्यांच्या बायकाही. जोतीरामनं दोन्ही टाक पाण्यानं धुऊन पाटावर ठेवले.

एक झिजलेला. नाक नाही, डोळे नाहीत, घोड्याचे कान सपाट. एक धारदार.

"आमचा लई जुना हाय," बायजाबाई म्हणाल्या.

"आमचापण बावीस वर्षांचा आहे," कृष्णात म्हणाला. "रोज आंघोळ. आई एक दिवस चुकवत नाही. झिजणारच."

उदयसिंहला थंडी वाजत होती. तो म्हणाला, "आई, आपले टाक गेल्या दिवाळीला उजळून आणले ना? मग चकचकीत आहे तो आपला."

"मग मिटलंच की!" कृष्णात खूश झाला. "झिजलेला आमचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जोतीरामनं सुटकेचा श्वास टाकला. आणि मी तिथं उभी होते. त्या पन्नास माणसांत खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. तो धारदार स्वार माझ्या पैंजणांचा होता. गप्प बसले तर मी वाचत होते, कायमची. उलट भानगडच संपत होती, झिजलेला वीर घरी येणार, पुन्हा कधी कुणाला शंका येणार नाही. फक्त आत्या रोज सकाळी कुणा सांगलीच्या माणसाला आपला पोरगा समजून न्हाऊ घालणार, आणि रणजीत म्हणून जे काही आमच्याकडं होतं ते कामोठ्याला जाणार. आणि बोलले तर? नवरा, त्याची अख्खी टोळी, त्यांच्या बायका. सुनेनं दीर कचऱ्यात टाकला. आत्या माझ्याकडं कशा बघतील? मला खरोखर वाटलं की मी इथंच चक्कर येऊन पडेन, आणि पडले तर बरं होईल.

कृष्णातनं झिजलेल्या टाकाकडं हात नेला.

"थांबा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. मग ओरडले, "अहो थांबा! तो आपला नाही."

"तुला काय माहीत?" कृष्णात म्हणाला. "तू बघितलायस का कधी नीट?"

"मला माहीत आहे, कारण..." सगळे माझ्याकडं बघत होते. "कारण मी..."

"गप ए," आत्या म्हणाल्या. मला. मग त्यांनी काठी भिंतीला लावली, वाकल्या, आणि पाटावरचा धारदार स्वार उचलून मुठीत घेतला. "माझा ह्यो."

"अवो ताई, त्यो आमचा, उजळल्याला," बायजाबाई म्हणाल्या.

"उजळलं म्हंजी काळं जातं बाई. झिजल्यालं नाक परत येतं व्हय? हे बगा नाक, हे बगा घोड्याचं कान. तीन पिढ्यांचा हाय का ह्यो? तुमचा त्यो. डोळं झाकून घेऊन जावा."

बायजाबाईंनी झिजलेला टाक हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि त्यांनाही पटलं. "खरं हाय की," म्हणाल्या आणि पदरात बांधून निघाल्यासुद्धा. पण कृष्णातला कळेना.

"आई, पण मग आपला नवा कसा?"

मी डोळे मिटून घेतले.

"कसा म्हंजी?" आत्या म्हणाल्या. "जुना पार इरला हुता. मी नवा घडवून घेतला. तुला इचारून करू का सगळं?"

देवाच्या दारात, हाताला भंडारा लागलेला असताना, ही बाई माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलली. जिनं उभ्या आयुष्यात तराजूत एक मिरची इकडची तिकडं होऊ दिली नाही. मी डोळे उघडले तर त्या माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या जोतीरामला सांगत होत्या, "ह्येला येकट्याला पायाला लाव. नवा हाय, भेटवायचा ऱ्हायलाय. नाव रणजीत." जोतीरामनं टाक घेतला, खंडोबाच्या पायावर ठेवला, भंडारा वाहिला. आत्या हात जोडून उभ्या राहिल्या, मान खाली. बराच वेळ. मागून रेन डान्सचा आवाज येत होता.

नंतर आम्ही दोघी हुरड्याच्या शेकोटीपाशी बाकावर बसलो. कृष्णात आणि उन्नती पुन्हा पाण्यात. आत्यांनी कणीस चोळून माझ्या हातावर हुरडा ठेवला.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"गावास्नं आले त्याच दिशी. टाक तर दुसऱ्या दिशी हातात घेतला. दारातनं आत आले आन् घरात तुजी पैंजणं वाजंनात. हिकडनं तिकडं फिरतीस आन् आवाजच न्हाई. म्हनलं, पोरीनं कायतरी घालवलंय. सकाळी ह्येला हातात घेतला तवा काय त्ये कळलं."

"मग बोलला का नाहीत? मला मारलं असतंत तरी चाललं असतं."

"पोटुशी हुतीस. त्यात भित्री. बोलले असते तर काय करून घेतलं असतंस, कुनास ठावं. मग पोर झाली. मग वर्सं गेली, आन् मग मलाच भ्या वाटाय लागलं." आत्या शेकोटीकडं बघत म्हणाल्या. पाटीखाली साप दाबून बसलेली बाई. "बोलले तर परत माझ्या नजरंला नजर दिनार न्हाईस, असं वाटायचं. पालीला न्हेला असता तर तितंच सगळं मार्गी लागलं असतं. पर तू दर वर्सी कायतरी काढायचीस."

"आणि तुम्ही रोज त्याला आंघोळ घालत होता."

"मोकळा पत्रा धूत हुते," आत्या म्हणाल्या. "अकरा वर्सं. भेटवल्याबिगर त्यो येतोय व्हय त्यात?"

मग मला जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. तलावाच्या पायरीवर अडकलेलं सगळं रडू तिथं निघालं. बैलगाडीतली माणसं बघायला लागली. आत्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. नुसत्या म्हणाल्या, "खा, गार हुतोय," आणि दुसरं कणीस चोळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी चहा ठेवला होता, उन्नतीचा डबा भरत होते, नेहमीची घाई. आतून ताम्हन ओढल्याचा आवाज आला आणि माझा हात थांबला. पाण्याचा आवाज झाला.

"ऊठ रं रणज्या," आत्या म्हणाल्या. "लई दिस झोपलास. आंघूळ कर."